अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी फायनल : पुस्तक मिटून उजळणी कशी करावी?

हाडाचामास्तर (धागाकर्ता)

पहिल्या वर्षाच्या परीक्षा तोंडावर आल्या की "काय करू, काय सोडू" हे प्रश्न दहा ठिकाणी विचारले जातात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. नर्सिंग, फिजिओथेरपी, डीएमएलटी, बीएएमएस, एमबीबीएस, प्रत्येकाची खोली वेगळी, पण पाया तोच. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.

माझं म्हणणं एवढंच की आता वाचत बसू नका. वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि पेपरात तीच आठवत नाही. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, आकृती काढा, नावं द्या, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. लाल शाई जिथे दोनदा आली तेवढंच पुन्हा वाचायचं.

सुरुवात हृदयापासून. एक मोठा चौकोन, त्याचे चार कप्पे. कागदावर तुमच्या डाव्या हाताला येते ती हृदयाची उजवी बाजू. इथे उलटं झालं की पुढची प्रत्येक खूण चुकते. आता रक्ताचा मार्ग बाणांनी दाखवा: सुपिरिअर आणि इन्फिरिअर व्हेना केव्हा, शिवाय कोरोनरी सायनस, तिथून राइट एट्रियम, ट्रायकस्पिड झडप, राइट व्हेंट्रिकल, पल्मोनरी झडप, पल्मोनरी ट्रंक, डावी-उजवी पल्मोनरी आर्टरी, फुफ्फुसं, चार पल्मोनरी व्हेन, लेफ्ट एट्रियम, मायट्रल झडप, लेफ्ट व्हेंट्रिकल, एओर्टिक झडप, एओर्टा. स्लो लोकलसारखा प्रत्येक थांबा घ्यायचा. फास्ट पकडून ट्रायकस्पिडवरून थेट फुफ्फुसात उतरलात की गुण गेले.

तपासताना हमखास सापडणाऱ्या चुका: कोरोनरी सायनस विसरणं, पल्मोनरी व्हेन दोनच काढणं, पल्मोनरी आर्टरीला लाल रंग देणं (तिच्यात अशुद्ध रक्त, म्हणून निळा), आणि दोन्ही व्हेंट्रिकलच्या भिंती सारख्याच जाडीच्या काढणं. डावी भिंत साधारण तिप्पट जाड. ती तशी का, हे शेजारी एका ओळीत लिहा: तिला अख्ख्या शरीराच्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं असतं, उजवीला फक्त फुफ्फुसांपर्यंत.

---

बेसिक_फिजिओ

मास्तरांना अनुमोदन. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आकडे. पण आकडे सुटे पाठ करू नका, गणितात बसवा, म्हणजे एक विसरला तरी दुसऱ्यावरून काढता येतो.

नाडी मिनिटाला ७५, तर एक ठोका ६० ÷ ७५ = ०.८ सेकंद. त्यात एट्रियल सिस्टोल (आकुंचन) ०.१, व्हेंट्रिक्युलर सिस्टोल ०.३, उरलेले ०.४ सगळे कप्पे सैल. भरल्यावर व्हेंट्रिकलमध्ये १२० मिली, आकुंचनानंतर ५० उरतं, म्हणून स्ट्रोक व्हॉल्यूम ७०. नाडी ७२ धरली तर सत्तर गुणिले ७२ ठोके म्हणजे ५०४० मिली, हाच तो "सुमारे पाच लिटर" कार्डिअ‍ॅक आउटपुट. इजेक्शन फ्रॅक्शन ७० भागिले १२०, साधारण ५८ टक्के.

आता उपयोग. नाडी १५० झाली तर ठोक्याला ०.४ सेकंदच मिळतात. कपात मुख्यतः डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडून भरतं त्या वेळेत) होते. डाव्या व्हेंट्रिकलच्या भिंतीला कोरोनरीचं रक्त मिळतं तेही मुख्यतः डायस्टोलमध्येच, कारण सिस्टोलमध्ये स्नायूच त्या वाहिन्या दाबतो. म्हणजे फार वेगाने धडधडणारं हृदय कमी भरतंही आणि स्वतः उपाशीही राहतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) "मग काय होईल?" असा प्रश्न येतो तो इथलाच.

कार्डिअ‍ॅक सायकलच्या आलेखात आधी अक्ष काढा आणि एकक लिहा: दाब मिमी पाऱ्याचा, आकारमान मिलीमध्ये, वेळ सेकंदात. आयसोव्हॉल्यूमेट्रिक आकुंचनात चारही झडपा बंद, आकारमानाची रेघ आडवी, दाबाची रेघ उभी चढते. डाव्या व्हेंट्रिकलचा दाब सुमारे ८० ओलांडला की एओर्टिक झडप उघडते. पहिला आवाज या टप्प्याच्या सुरुवातीला, एट्रियम-व्हेंट्रिकलमधल्या झडपा मिटताना. दुसरा आवाज सेमिल्युनर (एओर्टिक आणि पल्मोनरी) झडपा मिटताना. "झडप उघडल्याचा आवाज" असं कुठेही लिहू नका. निरोगी झडप उघडताना ऐकू येत नाही.

---

पहिलंवर्ष_कुर्ला

सर, एक शंका. आमच्या एका पुस्तकात ग्लोमेरुलसचा (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाचा) दाब ६० दिलाय, दुसऱ्यात ५५. पेपरात कुठला लिहायचा? आणि नेफ्रॉनवर (मूत्रपिंडाच्या गाळणाऱ्या एककावर) दहा मार्कांचा आला तर किती लिहायचं?

---

नेफ्रॉन_७७

@पहिलंवर्ष_कुर्ला, कुठलाही लिही, पण संच एकाच पुस्तकातला घे. गाळणारा दाब म्हणजे ग्लोमेरुलसचा दाब वजा (बोमन कॅप्सूलचा दाब + रक्तातल्या प्रथिनांची ओढ): ६० वजा (१८ + ३२) = १०. दुसरा संच ५५ वजा (१५ + ३०) = १०. उत्तर दोन्हीकडे १० मिमीच येतं. ६० एका पुस्तकातून आणि ३० दुसऱ्यातून उचलले की बेरीज बसत नाही आणि तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

१० मार्कांना असा क्रम ठेव. सुरुवातीला दोन ओळी: प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, त्यातले साधारण ८५ टक्के कॉर्टिकल, १५ टक्के जक्स्टामेड्युलरी. मग आकृती. वर कॉर्टेक्स, खाली मेड्युला अशी आडवी तुटक रेघ आधी मार, नाहीतर हेन्लेचा लूप हवेत लोंबकळतो. बोमन कॅप्सूल, प्रॉक्सिमल ट्युब्यूल, उतरती नळी, चढती पातळ, चढती जाड, डिस्टल ट्युब्यूल, कलेक्टिंग डक्ट. डिस्टल ट्युब्यूल आपल्याच ग्लोमेरुलसच्या दोन आर्टेरिओलमधून जाताना त्यांना चिकटलेली दाखव. तिथेच मॅक्युला डेन्सा आहे. ही जागा निम्मी मुलं काढतच नाहीत आणि मग जक्स्टाग्लोमेरुलर अ‍ॅपरेटसची टीप शब्दांत समजावत बसतात.

लूपवर तीन आकडे लिही: आत येताना ३००, टोकाला १२००, चढून बाहेर पडताना १०० मिलीऑस्मोल. उतरत्या नळीतून पाणी बाहेर जातं म्हणून आतलं द्रव दाट होत जातं. चढत्या जाड नळीतून पाणी जाऊच शकत नाही, पण सोडियम, पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकत्र बाहेर खेचले जातात, म्हणून ते पुन्हा पातळ होतं. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) याच वाहकाला अडवतं. एवढी एक ओळ लिहिलीस की उपयोजनाचा गुण खिशात.

मग आकडे. मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे १२०० मिली रक्त, गाळण १२५ मिली. १२५ × १४४० मिनिटं = १,८०,००० मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर. लघवी होते एक ते दीड लिटर, म्हणजे ९९ टक्के परत घेतलं. त्यातलं साधारण ६५ टक्के पाणी आणि सोडियम प्रॉक्सिमल ट्युब्यूलमध्येच. ग्लुकोज तर निरोगी माणसात सगळं तिथेच परत जातं. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला सुमारे १८० मिग्रॅच्या वर गेलं की लघवीत उतरायला लागतं.

दोन जागा जिथे हमखास पाय घसरतो. एक, एडीएच (शरीरात पाणी राखणारं हार्मोन) पोस्टिरिअर पिट्युटरीत "तयार होतं" असं लिहिणं. तयार हायपोथॅलॅमसमध्ये होतं, साठवण आणि सुटका पिट्युटरीतून, काम कलेक्टिंग डक्टवर. दोन, रेनिनला हार्मोन म्हणून पुढचं सगळं त्याच्या गळ्यात घालणं. ते एन्झाइमसारखं काम करतं: यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन वन करतं, त्याचं टू होतं ते मुख्यतः फुफ्फुसांतल्या वाहिन्यांच्या अस्तरावरच्या एसीई या एन्झाइममुळे, आणि वाहिन्या आकसणं, अ‍ॅल्डोस्टेरॉन वाढणं ही कामं टूची.

---

मालाड_लोकल

वाखु (वाचनखूण) साठवली. 

मूत्रपिंडाच्या अ‍ॅनाटॉमीचं थोडं. उजवं मूत्रपिंड किंचित खाली, वर यकृत आहे म्हणून. हायलममध्ये पुढून मागे व्हेन, आर्टरी, पेल्व्हिस हा क्रम. युरेटर सुमारे २५ सेमी. त्याच्या अरुंद जागा तीन: पेल्व्हिसमधून सुरू होते तिथे, पेल्व्हिक ब्रिम ओलांडताना, मूत्राशयाच्या भिंतीत शिरताना. खडा कुठे अडकतो, या प्रश्नाचं उत्तर याच तीन जागा.

अवांतर: सकाळच्या गर्दीत उभ्याने आकृती निघत नाही, पण क्रेनिअल नर्व्ह तोंडी होतात. बारा नावं ओळीने म्हणणं पुरेसं नाही, प्रत्येकीची तीन उत्तरं द्या: जात, बाहेर पडायचं भोक, बिघडली तर काय. फक्त संवेदी १, २, ८. प्रामुख्याने मोटर ३, ४, ६, ११, १२. मिश्र ५, ७, ९, १०. सुपिरिअर ऑर्बिटल फिशरमधून ३, ४, ६ आणि पाचवीची पहिली शाखा. पाचवीची दुसरी रोटंडममधून, तिसरी ओव्हेलमधून. ७ आणि ८ इंटर्नल अकूस्टिक मिएटसमध्ये शिरतात. ९, १०, ११ जुग्युलर फोरामेनमधून. चौथी एकटीच ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघते, परीक्षकांची ही लाडकी आहे.

---

लॅबवाला_परळ

थिअरी सगळे सांगतात. प्रॅक्टिकलला जे घडतं ते लिहितो.

साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन मोजणं: नळीत एन-बाय-टेन हायड्रोक्लोरिक आम्ल सर्वांत खालच्या खुणेपर्यंत. पिपेटने बरोबर २० मायक्रोलिटर रक्त. पिपेटचं टोक बाहेरून पुसायचं, पण कापूस छिद्राला लावायचा नाही, तो रक्त शोषून घेतो. रक्त आम्लात सोडून पिपेट त्याच आम्लाने दोन-तीनदा धुऊन घ्यायची. मग १० मिनिटं थांबायचं, अ‍ॅसिड हिमॅटिन तयार व्हायला वेळ लागतो. घाईने पाचव्या मिनिटाला डिस्टिल्ड वॉटर घालायला लागलात तर वाचन कमी येणार. पाणी थेंबाथेंबाने, प्रत्येक वेळी ढवळून, आणि रंग जुळवताना काचकांडी द्रवाच्या वर उचलून धरायची. खालचा मेनिस्कस वाचा.

बोट दाबून दाबून रक्त काढलं की ऊतींमधलं द्रव मिसळतं आणि हिमोग्लोबिन, पेशींची संख्या सगळंच खोटं कमी दिसतं. खोल टोचा, रक्त आपोआप यायला हवं, पहिला थेंब पुसून टाका.

पेशी मोजणी: आरबीसी पिपेटमध्ये लाल मणी, डब्ल्यूबीसीमध्ये पांढरा. पातळ करण्याचं प्रमाण अनुक्रमे २०० पट आणि २० पट. पांढऱ्या पेशींसाठी टर्क द्रव: त्यातलं अ‍ॅसेटिक आम्ल लाल पेशी फोडतं, जेन्शियन व्हायोलेट केंद्रकं रंगवतं. न्यूबॉअर चेंबरचे चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजले तर आकडा गुणिले ५०. हा ५० आला कुठून ते विचारतातच. चार चौकोनांचं क्षेत्रफळ ४ चौरस मिमी, खोली ०.१ मिमी, म्हणून आकारमान ०.४ घन मिमी. २० भागिले ०.४ म्हणजे ५०. लाल पेशींसाठी मधल्या चौकोनातले ८० छोटे चौकोन, गुणिले १०,०००. त्याचंही गणित स्वतः मांडून बघा: छोट्या चौकोनाचं क्षेत्रफळ १/४०० चौरस मिमी.

चेंबर भरताना द्रव खाचेत ओघळलं तर पुसून पुन्हा भरा, तसंच मोजू नका. पिपेटच्या दांड्यातले पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यायचे, त्यात रक्त नसतंच, नुसतं द्रव असतं. रेघेवरच्या पेशींचा नियम एकच धरा: दोन लगतच्या बाजूंवरच्या मोजायच्या, उरलेल्या दोन बाजूंवरच्या सोडायच्या.

लीशमन (रक्ताच्या स्मीअरचा रंग): काचेवर पसरलेला रक्ताचा थर, म्हणजे स्मीअर, पूर्ण वाळू द्या, रंगाचे ८ ते १० थेंब, २ मिनिटं. यात मिथाइल अल्कोहोल असतं, ते पेशी चिकटवून ठेवतं. या वेळेत रंग काचेवर वाळला तर कण बसतात आणि प्लेटलेट समजून लोक तेच मोजतात. मग दुप्पट बफर पाणी, ७ ते १० मिनिटं, वाहत्या पाण्याखाली धुणे. ऑइल इमर्शनखाली बघताना आधी दहाच्या लेन्सने चांगली जागा शोधा. थेट शंभरची लावून चाचपडणारे स्लाइड फोडतात.

---

पहिलंवर्ष_कुर्ला

ब्लड ग्रुपिंगमध्ये बॉम्बे ग्रुप विचारतात का?

---

लॅबवाला_परळ

मुंबईत परीक्षा देतोस आणि हे विचारतोस? विचारणारच, असं धरून चाल. १९५२ साली मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला.

नुसतं "दुर्मिळ गट" लिहून भागत नाही, कारण लिही. ए आणि बी अँटिजेन ज्या एच अँटिजेनवर बांधले जातात तो एचच या लोकांत नसतो. अँटी-ए, अँटी-बी टाकल्यावर गुठळी कशातच होत नाही, म्हणून नुसत्या फॉरवर्ड ग्रुपिंगमध्ये (रुग्णाच्या पेशी तपासताना) तो ओ दिसतो. पण त्यांच्या सीरममध्ये अँटी-ए, अँटी-बीबरोबर अँटी-एचही असतं, आणि ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर. त्यामुळे रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (रुग्णाचं सीरम माहीत असलेल्या पेशींवर टाकताना) ओ पेशींचीही गुठळी होते, तिथे पकडला जातो. अँटी-एच लेक्टिनने खात्री करतात. अशा रुग्णाला ओचं रक्त दिलं तर गंभीर प्रतिक्रिया येते. रक्त फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. ओ निगेटिव्ह म्हणजे "सगळ्यांना चालणारं" असं ठोकून देऊ नये, ते यासाठी.

रक्तावरच्या थिअरीतलं एकच सांगतो. क्लॉटिंगचा ओघ काढताना इंट्रिन्सिक बाजूला १२, ११, ९, ८, एक्स्ट्रिन्सिकला ७, पुढे दोन्हींचा सामाईक १०, ५, २, १. सहावा घटक नाही, तो शोधत बसू नका. व्हिटॅमिन के लागतं २, ७, ९, १० ला.

---

सायनची_सिस्टर

नर्सिंगच्या मुलींनो, तुमच्या पेपरात नुसतं वर्णन मागत नाहीत, कामाशी जोडलेलं मागतात. म्हणून प्रत्येक भागाला "हे वॉर्डात कुठे लागतं" हा प्रश्न विचारा.

इंजेक्शनच्या जागा घ्या. डेल्टॉइड: अ‍ॅक्रोमिअनच्या खाली २.५ ते ५ सेमी. त्याहून खाली गेलं की अ‍ॅक्झिलरी आणि पुढे रेडिअल नर्व्हचा धोका. इथे साधारण १ मिलीच द्यायचं. नितंबावर चार भाग कल्पून वरचा बाहेरचा, कारण सायॅटिक नर्व्ह खालच्या आतल्या भागातून उतरते. तान्ह्या बाळाला व्हॅस्टस लॅटरॅलिस, मांडीची बाहेरची बाजू. नितंबाचा स्नायू चालायला लागेपर्यंत पुरेसा भरत नाही. आकृतीत सुईची जागा फुलीने दाखवा आणि नर्व्ह पिवळ्या रंगाने.

कोपराच्या खोलग्यात बाहेरून आत: रेडिअल नर्व्ह, बायसेप्सचा टेंडन, ब्रेकिअल आर्टरी, मीडियन नर्व्ह. स्टेथोस्कोप टेंडनच्या आतल्या बाजूला का ठेवतो, ते या क्रमातून दिसतं.

बीपीच्या स्टेशनवर: हात हृदयाच्या पातळीला, कफची खालची कड कोपराच्या घडीपासून साधारण २.५ सेमी वर, कफच्या आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के. कफ छोटा असेल तर बीपी खोटं जास्त येतं. आधी नाडीवर बोट ठेवून सिस्टोलिक काढा, मग त्याच्या ३० मिमी वर फुगवा आणि सेकंदाला २-३ मिमीने सोडा. नाडीची पायरी गाळून थेट स्टेथो लावला तर काही रुग्णांत आवाज मध्येच नाहीसा होतो, त्या पोकळीत फसून सिस्टोलिक खूपच कमी नोंदलं जातं. परीक्षक ही पायरी गाळलेलीच पकडतात.

फीटल सर्क्युलेशन सोडू नका, पुढे मिडवाइफरीला तेच लागतं. अंबिलिकल व्हेन एक, शुद्ध रक्ताची, आर्टरी दोन. डक्टस व्हेनोसस यकृताला वळसा घालतो, फोरामेन ओव्हेल आणि डक्टस आर्टेरिओसस फुफ्फुसांना. जन्मानंतर कशाचं काय उरतं ती जोडी समोरासमोर लिहा: लिगामेंटम टेरेस, लिगामेंटम व्हेनोसम, फॉसा ओव्हॅलिस, लिगामेंटम आर्टेरिओसम.

---

बेसिक_फिजिओ

फुफ्फुसांचे आकडे राहिले. टायडल ५००, इन्स्पिरेटरी रिझर्व्ह ३०००, एक्स्पिरेटरी रिझर्व्ह ११००, रेसिड्युअल १२०० मिली. बाकी सगळ्या कपॅसिटी बेरजेने: व्हायटल ४६००, फंक्शनल रेसिड्युअल २३००, टोटल ५८००. स्पायरोमीटर रेसिड्युअल मोजू शकत नाही, म्हणून ज्या ज्या बेरजेत तो आहे तीही मोजता येत नाही. इथेही आकडे पुस्तकागणिक थोडे हलतात, नेफ्रॉनरावांचा नियम लावा.

डेड स्पेस १५० मिली. मिनिटाला १२ श्वास, ५०० चे: एकूण ६ लिटर, पण अल्व्हिओलायपर्यंत १२ × ३५० = ४.२ लिटर. आता उथळ श्वास, २४ वेळा, २५० चे: एकूण तेच ६ लिटर, पण आत पोचतात २४ × १०० = २.४ लिटर. उथळ, वेगवान श्वास घेणारा रुग्ण वाईट का, ते या दोन ओळींत आलं. पानभर लिहायची गरज नाही.

---

नेफ्रॉन_७७

एक वादाचा मुद्दा टाकतो. वेळ कमी असेल तर हाडं सरळ सोडावीत. २०६ हाडांवर दिवस घालवून मिळतात किती गुण? तेवढ्यात एंडोक्राइन आणि नर्व्ह-मसल उरकतं.

---

हाडाचामास्तर

माझ्या नावाला डिवचता काय राव!

सगळी हाडं करा असं मीही म्हणत नाही. कार्पल आठ, ओळीने, बाहेरून आत: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, खालची ओळ ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. हे पाठ. कवटीची बारकी भोकं, मालाडवाल्यांनी दिली तेवढी पुरेत. पण लांब हाडांची बाजू ओळखणं सोडलंत तर स्पॉटर्सना (समोर ठेवलेली वस्तू ओळखायच्या प्रॅक्टिकलला) हात चोळत बसाल. मिनिटभराचं स्टेशन, घंटा वाजली की पुढे.

प्रत्येक हाडाला तीन खुणा लागतात: वर काय, आत किंवा बाहेर काय, पुढे किंवा मागे काय. दोनच बघितल्या तर बाजू ठरत नाही. ह्युमरस: गोल डोकं वर आणि आत, बायसेप्सची खाच पुढे. फीमर: डोकं वर आणि आत, लिनिया अस्पेरा मागे. टिबिया: रुंद टोक वर, मिडिअल मॅलिओलस खाली आत, ट्यूबरॉसिटी पुढे. स्कॅप्युला: ग्लेनॉइड बाहेर, स्पाइन मागे, टोकदार कोन खाली. क्लॅव्हिकल: चपटं टोक बाहेर, आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला, सबक्लेव्हिअसची खाच खालच्या बाजूला. हाड स्वतःच्या अंगावर धरून बघा, परीक्षेत ते मान्य असतं. आणि उत्तर लिहिताना "फीमर" एवढंच लिहून थांबू नका, "उजवा फीमर" लिहा. बोट किंवा बाण एका खुणेवर असेल तर त्या खुणेचं नाव आणि तिथे काय चिकटतं तेही.

क्लॅव्हिकलचं एवढं विचारतात म्हणून: सर्वांत आधी हाड बनायला लागतं, आडवं असलेलं एकमेव लांब हाड, मोडतं ते आतला दोन-तृतीयांश आणि बाहेरचा एक-तृतीयांश भाग जिथे मिळतात तिथे, कारण तिथेच वळण बदलतं.

बेरजेचा आकडा लागलाच तर: कवटी २२, कानातली ६, हायॉइड १, कणा २६, बरगड्या २४, स्टर्नम १. झाले ८०. उरलेली १२६ हातापायांची, खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यासकट.

---

नेफ्रॉन_७७

बाजू ओळखण्यापुरतं मान्य. बेरजेसाठी अजूनही नाही :)

---

मालाड_लोकल

सांध्यांमध्ये शोल्डर एकच पक्का करा, तोच साचा हिप आणि नी ला चालतो: प्रकार, कुठली हाडं, कॅप्सूल, लिगामेंट, आजूबाजूला काय, रक्त, नर्व्ह, हालचाली आणि त्यांचे स्नायू, उपयोग.

हालचालींत हात बाजूला उचलणं अंशांत लिहा. पहिले साधारण १५ अंश सुप्रास्पायनेटस, पुढे ९० पर्यंत डेल्टॉइड, त्यावर स्कॅप्युला फिरवून ट्रॅपेझियस आणि सेरेटस अँटिरिअर. रोटेटर कफचे चार: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. खालून कफ नाही, म्हणून सांधा खालच्या बाजूने निसटतो आणि अ‍ॅक्झिलरी नर्व्ह ताणली जाते. डेल्टॉइड लुळा पडतो, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो.

---

पहिलंवर्ष_कुर्ला

मसल कॉन्ट्रॅक्शनला आकृती किती काढायच्या? मी अ‍ॅक्शन पोटेन्शियल आणि सार्कोमिअर दोन्ही काढतोय, वेळ पुरत नाही.

---

बेसिक_फिजिओ

सार्कोमिअर पुरे, पण दोनदा: सैल आणि आकुंचित, एकाखाली एक. ए पट्टा दोन्हीत सारख्याच लांबीचा हवा. आय आणि एच आखूड होतात. फूटपट्टीने काढ, नजरेने काढलास तर ए पट्टाही नकळत आखूड होतो आणि सगळा सिद्धांतच चुकतो. शेजारी क्रम: अ‍ॅसिटाइलकोलिन, टी नळी, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून कॅल्शियम, ट्रोपोनिन सी, ट्रोपोमायोसिन बाजूला, क्रॉस ब्रिज. एटीपी सोडवण्यासाठीही लागतं, हे विसरू नकोस. मेल्यानंतर शरीर ताठरतं ते एटीपी संपून ब्रिज अडकून पडतात म्हणून.

अ‍ॅक्शन पोटेन्शियल वेगळं विचारलं तरच काढ: मज्जापेशीला विश्रांतीत −७०, उंबरठा −५५, शिखर +३० च्या आसपास, सगळं मिलिव्होल्टमध्ये. सोडियम आत, मग पोटॅशियम बाहेर. "सोडियम-पोटॅशियम पंपामुळे रिपोलरायझेशन होतं" हे चूक; पंप (३ बाहेर, २ आत) पुढच्या खेपेसाठी साठा नीट ठेवतो.

---

सायनची_सिस्टर

पेपर लिहिण्याबद्दल. एकूण मिनिटं भागिले एकूण गुण, घरूनच काढून जा. तीन तास आणि १०० गुण असतील तर १० गुणांच्या प्रश्नाला १८ मिनिटं, त्यात आकृतीला ५ हून जास्त नाही. आकृती पेन्सिलीने, नावं शक्यतो उजव्या बाजूला एकाखाली एक, रेघा आडव्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. शेडिंगमध्ये वेळ घालवू नका, त्याला गुण नाहीत, नावांना आहेत. सहा नावं येत असतील तर सहाच रेघा मारा, बिननावाची रेघ बघणाऱ्याच्या डोळ्यात खुपते.

---

पहिलंवर्ष_कुर्ला

धन्यवाद सगळ्यांना. मास्तर, रात्री नेफ्रॉन काढून फोटो टाकतो, तपासाल का?

---

हाडाचामास्तर

टाक. कॉर्टेक्स-मेड्युलाची तुटक रेघ आधी मार, आणि लाल पेनाने भरल्यानंतरचा नको, भरण्याआधीचा टाक.